मिस्त्रींचा गॅस अजून वरच आहे

नवतपा, म्हणजे मे महिन्याच्या शेवटचे ते नऊ भाजून काढणारे दिवस, लागला की आमच्या फुलचूरच्या घरात सगळ्यात आधी कूलर जागा होतो. गच्चीवरून त्याला खाली आणतात, जाळीतलं कुजलेलं गवत काढून नवं भरतात, पाणी सोडतात, आणि मग खिडकीला तोंड लावून तो दिवसभर घरघरत बसतो. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. टाकीचं पाणी असं तापतं की त्यात नुसती चहापत्ती टाकावी. सून म्हणते, "आई, भर दुपारी मागच्या पडवीत जाऊ नका, भोवळ येईल." मी जाते. पडवीत एक जुना बंद फ्रीज उभा आहे, आणि नवतप्यात त्याला एकदा नीट पाहून घेतल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

बंद फ्रीजमध्ये काय पाहायचं, असं तुम्हाला वाटेल. बरोबर आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं. तेव्हा मी त्याच्या डोक्यावर पापडांच्या पराती ठेवत होते.

हा फ्रीज मिस्त्रींचा. मिस्त्री म्हणजे माझे यजमान. गोंदियाच्या बाजारात त्यांचं फ्रीजदुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. सगळा बाजार त्यांना मिस्त्री म्हणायचा. नाव घ्यायची तर आमच्यात रीत नव्हती, आणि दुकानात 'अहो' म्हटलं की चार पुरुष वळून बघायचे, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणू लागले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकान गेलं, हत्यारं गेली, कपडे मी स्वतःच्या हातानं वाटून टाकले. राहिला तो हा फ्रीज. त्यांनीच शेवटचा गॅस भरलेला, आणि नंतर घरात नवा मोठा फ्रीज आला म्हणून पडवीत ढकललेला.

तर दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या मुलानं, प्रमोदनं, ठरवलं की हा विकायचा. सुनेला कपडे धुवायचं मशीन घ्यायचं होतं आणि ते ठेवायला पडवीतली तेवढीच जागा होती.

"आई, कायले ठेवून राहिली वं हा डब्बा?" तो म्हणाला. "थंड होत नाही, गरम होत नाही. नुसता उभा राहतो."

"मी पण तशीच उभी राहतो," मी म्हटलं. "मले बी दे कबाड्याले."

पण मनातून मला काही वाटलं नव्हतं हो. लोखंडी डबाच तो. घेऊन जा म्हटलं.

त्याच आठवड्यात माझ्या नणंदेची मुलगी सोनल नात्यातल्या एका लग्नासाठी मुर्रीला माहेरी आली होती, आणि दोन दिवस माझ्याकडे राहायला. सोनलचं काम काय, हे आमच्या नात्यात कोणालाच नीट सांगता येत नाही. शिकायला परदेशात गेली आणि तिकडेच कुठल्याशा प्रयोगशाळेत लागली. तिची आई सगळ्यांना सांगते, "आमची सोनल हवा मोजते." यावर बायका तोंडाला पदर लावून हसतात. हवा काय मोजायची, आणि मोजून कोणाला विकायची!

कबाडीवाला आला तेव्हा सोनल डोक्यावरून पाणी घेऊन केस पुशीत होती. मी पापडांची परात उचलून कडेवर घेतली. कबाडीवाल्यानं फ्रीज फिरवला, पाठ उन्हाकडे केली, खालच्या काळ्या मडक्यावर, म्हणजे कॉम्प्रेसरवर, थाप मारली.

"अम्मा, डब्बे का कुछ नहीं मिलता. ये बिकता है, और तांबा बिकता है. डब्बा तो तोडनाच है."

आणि त्यानं पिशवीतून पक्कड काढली. बारीक तांब्याची नळी पकडीच्या दातांत धरली.

"रुको!" सोनल ओरडली. अशी ओरडली की शेजारच्या घरातलं दार उघडलं. "भैया, पाइप मत काटना! हात हटाओ!"

कबाडीवाल्याचे हात वर. प्रमोद आतून धावत आला. "काऊन? करंट आहे का त्यात?"

"करंट नाही, दादा. गॅस आहे." मग ती माझ्याकडे वळली. केसातून पाणी टपकतंय, पाय उन्हात भाजतायत, आणि ही विचारते, "मामी, यात मामांनी कोणता गॅस भरला होता?"

"बारा नंबर," मी म्हटलं. त्यांच्या धंद्यात तसंच म्हणत. "दुसरा कोणता भरतील? नव्या गॅसचं मशीन वेगळं असते न."

सोनल तिथंच पायरीवर बसली.

मला काहीच कळेना. गॅस तर गॅस. असे किती फ्रीज माझ्या डोळ्यांपुढं रिकामे झाले होते. मी म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं? फुस्स होईल आणि संपेल."

"संपत नाही मामी," ती म्हणाली. "तेच तर आहे. तो लवकर संपतच नाही. शंभर वर्षं राहतो."

"कुठं?"

तिनं बोट वर केलं.

मी वर पाहिलं. नवतप्याचं आभाळ तुम्हाला माहीत आहे, निळं नसतंच ते, राखेनं घासलेल्या जर्मनच्या भांड्यासारखं पांढरं असतं. तिथं काहीच नव्हतं. परात माझ्या कडेवर तशीच होती आणि एक पापड घसरून खाली पडून फुटला तरी मला त्याचं भान नव्हतं.

"म्हणजे तुह्या मामानं सोडलेला..."

"आहे. अजून वरच आहे. अर्ध्याहून जास्त असेल."

* * *

मला त्या क्षणी एकच उन्हाळा आठवला, आणि तो अजून माझ्या मागून हटत नाही.

प्रमोद पोटात होता तो उन्हाळा. गोंदियात तेव्हा लग्नात फ्रीज द्यायची नुकती टूम निघाली होती. आंदणाचे फ्रीज गावोगाव ट्रॅक्टरमधून, बैलगाडीतून, धानाच्या भाऱ्यांसारखे दोरीनं आवळून जायचे, आणि वाटेतल्या खड्ड्यांनी त्यांचे सांधे ढिले व्हायचे. नवरी सासरी नांदायला लागायच्या आधी फ्रीज माहेरी परत. मग वरात थेट आमच्या दुकानात. धानाच्या गिरण्यांचे शेठ, आइस्क्रीमवाले, सोडावाले, सगळ्यांना एकाच वेळी गारवा हवा. आणि नेमका दुकानातला माणूस तेंदूपत्ता तोडायला जंगलाकडे निघून गेला. दरवर्षी जायचा. मिस्त्री म्हणाले, "दोन हात कमी पडून राहिले. तू बसशील का?"

मी बसले. तेव्हा बायका दुकानात बसत नव्हत्या. मी पोटावर पदर ओढून, लाकडी खोक्यावर बसून त्यांना पाना द्यायचे, पक्कड द्यायचे, आणि दिवा धरायचे.

तो दिवा अजून माझ्याकडे आहे. पितळी, वीतभर उंचीचा, आणि त्याला एक रबरी नळी. नळीचं तोंड फ्रीजच्या सांध्याजवळ न्यायचं. सांधा चांगला असेल तर ज्योत निळीच राहते. गॅस जराही गळत असेल तर नळीतून ओढला जातो आणि ज्योत हिरवी होते. साधी हिरवी नाही हो. रोवणीनंतर महिन्याभरानं धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, जो हिरवा दिसतो, तसा. मला ती हिरवी ज्योत फार आवडायची. मी मुद्दाम नळी तिथंच धरून ठेवायचे. मिस्त्री ओरडायचे, "बस झालं वं, नाकात जाऊन राहिला धूर! चांगला नसते तो." धूर चांगला नसतो एवढं त्यांना ठाऊक होतं. बाकीचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

गॅस भरायची त्यांची एक पद्धत होती. सगळ्याच मिस्त्रींची तीच. आधी फ्रीजमधला उरलासुरला गॅस सोडून द्यायचा. मग सिलिंडरला नळी जोडायची, आणि फ्रीजला लावण्याआधी जरासा गॅस हवेत सोडायचा, म्हणजे नळीतली हवा निघून जाते. फुस्स. प्रत्येक फ्रीजला फुस्स. मी हसून म्हणायचे, ही मिस्त्रींची चित्राहुती. जेवायला बसताना माणूस ताटाभोवती पाणी फिरवतो, चार शितं बाजूला काढतो, आणि मग पहिला घास घेतो न, तसं. आधी देवाचं, मग फ्रीजचं. बाजारातले पोट्टे या फुस्सची वाट बघत पायरीवर बसलेले असायचे. "काका, इकडे! काका, माह्या हातावर!" मिस्त्री नळी त्यांच्याकडे फिरवायचे, दुरून, जपून, आणि पोट्टे गार वाऱ्यानं किंचाळायचे.

आणि मग ती दुपार. बिजली गेलेली. दुकानाचं टिनाचं छत तापून कडकड वाजतंय. मला एकदम अंधारी आली आणि मी खोक्यावरून खाली बसले. डॉक्टरकडे न्यावं तर रस्त्यावर रिक्षा नाही. मिस्त्रींनी खांद्यावरचा दुपट्टा माठातल्या पाण्यात बुडवला, पिळला, जमिनीवर पसरला, सिलिंडर उलटा केला आणि नळी सोडली. पांढरा फवारा. डोळ्यांदेखत दुपट्टा ताठ झाला, उडदाच्या पापडासारखा. त्यावर बर्फाची पांढरी साय. मी हात पुढे केला तर म्हणाले, "थांब. आत्ता नको, कातडी जळते." झटकला, जरा वेळ धरून ठेवला, मग माझ्या डोक्यावर टाकला.

"घे. सिमला आलं गोंदियाले."

मी हसले असेन. आठवत नाही. आठवतो तो बर्फ, कानामागून ओघळत मानेवर आलेला. मिनिटभराचा बर्फ. मला वाटायचं की मिस्त्रींनी मला दिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये सगळ्यात लवकर संपली ती ही. बांगड्या फुटल्या, साड्या विरल्या, पण त्याला वर्षं लागली. आणि हा बर्फ? दुपट्टा डोक्यावरून काढेपर्यंत गेला होता.

आणि आता ही पोरगी बोट वर करून सांगते, तो गॅस गेला नाही. सगळं गेलं मामी, तेवढंच राहिलं.



* * *

मी भांडले तिच्याशी. हो. मला पटेचना. मी म्हटलं, "तू पुस्तकातलं सांगून राहिली. तो गॅस जड असते. आम्ही पाहिलं न डोळ्यांनी. दिव्याची नळी वर धरली तर निळी, जमिनीजवळ धरली तर हिरवी. पाण्यासारखा खाली बसते तो. वर कसा जाईल?"

"बंद खोलीत खाली बसतो मामी. पण बाहेर वारा आहे न. वारा सगळं ढवळतो. वरणातली डाळ खाली बसते, पण पळी फिरवली की?"

पळी फिरवली की सगळीकडे सारखी. ते मला कळलं. तिनं मग एकेक सांगितलं, कबाडीवाला आणि प्रमोद दोघंही ऐकत उभे. वर खूप उंचावर ओझोन नावाच्या वायूचा एक पातळ थर आहे. उन्हातला जो किरण कातडी जाळतो, डोळे बिघडवतो, पिकाला मारतो, तो हा थर अडवतो. आणि बारा नंबरसारखे गॅस तिथवर पोचले की उन्हानं फुटतात आणि त्या थराला खातात. एकदा नाही, खात राहतात. जगाच्या दक्षिण टोकावर तर त्याला भगदाड पडलं.

"म्हणून ऊन वाढलं का?" प्रमोदनं विचारलं.

"ते वेगळं दादा. भगदाडातून गरमी येत नाही. पण हा गॅस उष्णतापण धरून ठेवतो, म्हणजे त्यातही याचा हात आहेच."

माझ्या कानात त्यातलं अर्धंच गेलं. मी विचारलं ते एवढंच, "तुह्या मामाले पाप लागलं का?"

सोनल उठून माझ्याजवळ आली. ओल्या हातानं माझा हात धरला. "कोणालाच माहीत नव्हतं मामी. उलट हा गॅस आला तेव्हा लोकांनी देवासारखा मानला. पेटत नाही, विषारी नाही. आधीचे गॅस माणसं मारायचे."

हे खरं असावं. कारण याच गॅसचा सिलिंडर मांडीवर घेऊन मिस्त्री एकदा पॅसेंजरनं दरेकशाला गेले होते, तिथल्या दवाखान्यात पोलिओची लस ठेवायचा फ्रीज बंद पडला म्हणून. आले तेव्हा फार खूश होते. त्या खेड्यातल्या लेकरांना लस मिळाली ती या गॅसवर. मग त्याला काय म्हणावं, चांगला की वाईट? मला अजून ठरवता येत नाही.

पुढचं ऐकून तर मी आणखीनच हबकले. जगातल्या सगळ्या देशांनी बसून ठरवलं म्हणे, हा गॅस बंद करायचा. आणि केला! मी म्हटलं, सगळ्यांनी? इथं एका गल्लीतल्या माणसांचं नालीवरून एकमत होत नाही. सोनल हसली. म्हणाली, बनवणं बंद झालं, पण सोडलेला तर वरच आहे. तो किती उरला, हेच आम्ही मोजतो. डोंगरांवर, बेटांवर, माणसांपासून लांब अशी ठिकाणं आहेत. तिथून बाटल्यांमध्ये नुसती हवा भरून येते.

"हवेच्या बाटल्या?"

"हो. आणि आम्ही त्यात बारा नंबर शोधतो."

इतके दिवस आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसत होतो न, हवा मोजते म्हणून? मी पदर सोडला.

तिनं मोबाइलवर एक रेघ दाखवली, हवेत वर्षागणिक बारा नंबर किती होता त्याची. डोंगराच्या कडेसारखी. चढताना उभी, छाती भरून यावी अशी. मग माथा. आणि मग उतार. पण काय उतार हो तो! जवळजवळ सपाटच. उतरतोय हे बोट ठेवून सांगावं लागतं. मी त्या चढावर बोट ठेवलं. "इथं आमचं दुकान होतं." मग उताराच्या टोकाला बोट नेलं, पडद्याच्या बाहेर. "आणि खाली कधी पोचते?" ती म्हणाली, "ते तुम्ही नाही बघणार मामी. मीही नाही. दादाची मुलगी म्हातारी होईल तेव्हा बरंचसं." एवढं हळू! सिलिंडरची चावी अर्धी फिरवायची, एवढंच मिस्त्रींचं काम. वर जायला अर्धी फिरकी आणि उतरायला तीन पिढ्या.

आणि सांगते काय, मधे काही वर्षं याच जातीच्या दुसऱ्या एका गॅसचा उतार मंदावला. हवा मोजणाऱ्यांना कळलं की कोणीतरी कुठंतरी चोरून बनवतंय. आणि नुसत्या हवेवरून, वाऱ्याची दिशा लावून, त्यांनी तो मुलूखही शोधून काढला. मग ते थांबलं. मी कबाडीवाल्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. त्यानं पक्कड गुपचूप पिशवीत टाकली. त्याला वाटलं असणार की फुलचूरच्या हवेची पण बाटली जाते.

* * *

प्रमोद मात्र व्यापारी माणूस. तो म्हणाला, "थांबा. एवढ्या वर्षांचा उभा आहे. कशावरून यात गॅस आहे? गळून गेला असेल कवाचाच. रिकामा असेल तर काटू दे न त्याले."

बोलणं चुकीचं नव्हतं. सोनलनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लावून बघा. गॅस असेल तर बर्फ धरेल. नसेल तर नुसता कण्हेल."

जुना स्टॅबिलायझर काढला, धूळ झटकली, वायर लावली. प्रमोदनं बटण दाबलं. काहीच नाही. मग खट्ट झालं, अख्खा फ्रीज झोपेतून उठवल्यासारखा हादरला, आणि घुर्र सुरू झाली.

तो आवाज! मी दाराची चौकट धरली. त्या आवाजावर मी किती दुपारी झोपले होते, प्रमोदला मांडीवर घेऊन. आता त्या आवाजाला कोणी वाली नव्हता तरी तो तसाच. आम्ही चौघं पडवीत त्या उन्हात उभे, जणू आत कोणाचं ऑपरेशन चालू आहे. सुनेनं कबाडीवाल्याला पाणी दिलं. मनातून मला वाटत होतं की होऊ नये थंड. रिकामा निघावा. म्हणजे जे गेलं ते गेलं, आता जपायला काही उरलं नाही, आणि सुनेचं मशीनही येईल.

थोड्या वेळानं कबाडीवाल्यानंच दार उघडून वरच्या कप्प्यात हात घातला आणि झटक्यात मागं घेतला.

"अम्मा! ये तो चालू है! चालू फ्रीज कायको बेच रहे?"

मी बोट लावलं. बोटाला साय लागली. पांढरी, किरकिरीत, तीच.

मिस्त्रींनी भरलेला होता हो तो गॅस. त्यांच्या हातचा. एवढी वर्षं काळ्या मडक्यात आणि नळ्यांत गप बसलेला. वर गेलेला तर माझ्या हातातला नाही. पण हा? हा माझ्या पडवीत होता, आणि मी पक्कड लावायला हो म्हटलं होतं. मी खाली बसले आणि रडू आलं ते मला आवरेना. प्रमोद घाबरला. "आई, काय झालं वं? फ्रीजसाठी रडून राहिली?"

फ्रीजसाठी नाही रे बाबा. तू पोटात होतास तेव्हाच्या एका दुपट्ट्यासाठी. पण हे त्याला कसं सांगणार?

सोनलनं फोनाफोनी केली. नागपूरला एकजण आहे, यंत्रानं गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरतो, पुढं तो नीट जाळून नष्ट करायला पाठवतात. प्रमोदचा चेहरा खुलला. "झालं तर मग! गॅस तिथं काढू, डब्बा कबाड्याले देऊ. आई खूश, वायुमंडल खूश, बायको खूश."

सोनल खूश दिसेना.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

तिनं फ्रीजच्या दारावर टिचकी मारली. "मामी, याच्या भिंतीत पण आहे."

तुम्हाला सांगते, मी दोन पावलं मागं सरकले, साप निघाल्यासारखी. जुन्या फ्रीजच्या दोन पत्र्यांमध्ये पिवळा फेस भरलेला असतो, वाळून पावासारखा झालेला. तो फेसच तसल्या दुसऱ्या गॅसनं फुगवलेला. प्रत्येक बारीक छिद्रात थोडाथोडा. भंगारवाले डबा फोडतात, फेस उकिरड्यावर टाकतात, पोट्टे त्याचे तुकडे पाण्यावर सोडतात, आणि तो गळत राहतो. जगभर असे किती जुने डबे, किती भिंती! वरची रेघ एवढी हळू उतरते, त्याचं हेही एक कारण. सोनल म्हणाली, तिकडे काही देशांत बंद खोलीत फ्रीज फोडून फेसातलाही गॅस गोळा करतात. आपल्याकडे जवळपास तशी सोय तिला ठाऊक नव्हती.

प्रमोदनं कपाळावर हात मारला. "आता भिंतीत बी गॅस! उद्या म्हणशील मामांच्या फोटोत बी आहे. आई, जगात फ्रीज किती? आपल्या एका डब्ब्यानं काय होऊन राहिलं?"

मी म्हटलं, "काही नाही होत. पण मले आता माहीत आहे न. माहीत नव्हतं तेव्हा सोडला, ते वेगळं."

"मग याले काय जन्मभर सांभाळायचं? म्हाताऱ्या माणसावानी?"

"हाव. मले सांभाळून राहिला न? माह्यासंगं त्याले बी सांभाळ. आणि मी गेल्यावर बी कबाड्याले द्यायचा नाही. सोय निघेल तवा तिथं नेऊन द्यायचा, अख्खा. शब्द दे."

तो कबाडीवाल्यासमोर लाजला. पण शब्द दिला. सुनेचं मशीन अंगणात, टिनाखाली गेलं, आणि ती मला त्यावरून अजून टोमणे मारते. "सासरेबुवा पडवीत बसले, म्हणून मी उन्हात धुते." मारू दे. तिचा हक्कच आहे.

नागपूरवाल्याकडून नळ्यांतला गॅस काढायलाही मी नाही म्हटलं, जाईल तो भिंतीतल्यासोबतच; तोवर फ्रीज बंदच ठेवला आहे. सोनल म्हणाली, हलवू नका, आपटू नका, चालवू नका. आत मी वड्या, चारोळी आणि बोरकूट ठेवते.

* * *

परवा पुन्हा नवतपा लागला. दुपारी सगळे कूलरपुढं पडले तेव्हा मी मिस्त्रींचा दिवा काढला. चिंचेनं घासून लख्ख केला, पेटवला. नळी हातात घेतली आणि फ्रीजच्या पाठीमागं जाऊन बसले. गुडघे आता लवकर वाकत नाहीत. एकेका सांध्याजवळ नळी नेली, सावकाश, त्यांनी शिकवलं तशी.

निळी. निळी. पुढच्या सांध्यालाही निळी.

शेवटच्या सांध्याशी माझा हात जरा थांबला. लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते सांगते. वाटलं, एकदा दिसावी हिरवी. जराशी. धानाच्या बांधीसारखी, त्या उन्हाळ्यासारखी, आणि मागून कोणीतरी ओरडावं, बस झालं वं, नाकात जाऊन राहिला धूर.

नळी नेली. ज्योत निळीच राहिली.

मी दिवा विझवला आणि सोनलला फोन लावला. आता हे आमचं दरवर्षीचं झालं आहे. घरात कोणाला ताप असला की आपण सकाळी कपाळावर हात ठेवून विचारतो न, तसं मी तिला विचारते.

"इकडून काही गेलं नाही वं पोरी. तिकडे उतरलं का?"

"उतरलं मामी," ती म्हणाली. "जरासं."

फोन ठेवला. पडवीच्या पायरीवर आले. वर तेच घासलेल्या भांड्यासारखं आभाळ, डोळे ठरत नव्हते. मी कपाळावर हात धरला आणि वर बघून म्हटलं, "जा मिस्त्री, जा आता हळूहळू. उरलेलं मी धरून आहे इथं."